निरोगी गटातला ससा

"ज्यांच्या पोटात जंत गेलेच नाहीत, त्या सशांच्या रक्तात त्यांची खूण सापडतेच कशी, बाई?"

विक्रांत कोठावळेने कागद टेबलावर आपटले.

पशुवैद्यकीय महाविद्यालयात सरनोबत बाईंच्या हाताखाली तो पीएच.डी. करत होता. काही सशांना कुत्र्याच्या जंताची अंडी पाजायची, काहींना निरोगी ठेवायचं, आणि रक्ताच्या तीन तपासण्यांपैकी कोणती लागण अचूक ओळखते ते पाहायचं, हे त्याचं काम. दोन तपासण्या त्याच्या मनासारख्या चालल्या. तिसरी मात्र निरोगी गटातल्या पाच सशांनाही लागण दाखवत होती.

"सहा वेळा केली. सहाही वेळा तेच. कुचकामी तपासणी, असं लिहून टाकलंय मी. सोमवारी प्रबंध द्यायचाय."

"ते ससे निरोगी आहेत, हे कुणी सांगितलं?"

"मीच. मी त्यांना अंडी दिलीच नाहीत."

बाईंनी कागद उचलून चाळले.

"दोन वर्षं घातलीत मी यात. आता पुन्हा पहिल्यापासून करायला सांगू नका."

"त्यांना गवत कुठलं घालतोस?"

"मागच्या कुंपणातलं. का?"

बाईंनी उठून खिडकी उघडली. कुंपणातल्या गवतात एक कुत्री चार पिल्लांना पाजत पडली होती.

विक्रांत खिडकीशी आला.

"ती तर पावसाळ्यापासून तिथेच असते, घाणही तिथेच करते," तो हळूच म्हणाला.

"त्या पाचांतला एक आज सकाळी मेला ना? उघडून पाहिलास?"

"नाही. निरोगी गटातला होता, म्हणून..."

स्वतःचंच वाक्य ऐकून तो थांबला.

मग त्याने तो ससा आणला, उघडला. यकृताची पातळ चकती दोन काचांमध्ये दाबून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जंताची बारीकशी एक अळी सावकाश वळवळत होती.

बराच वेळ त्याने डोळा काढला नाही. मग कागद ओढून त्याने 'कुचकामी' हा शब्द खोडला. चेहरा उजळला होता.

"म्हणजे तिसरीच खरी, बाई. बाकीच्या दोन खोट्या. तसं सगळं नव्याने लिहितो."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"किती ससे उघडलेस?"

"एक."

"मग त्या एका सशापुरती एकच ओळ लिही."