धनेशाच्या मापाची फट

“धनेशीण भिंत फोडणार आहे, आणि मग…”

एवढंच साळुंकीच्या कानावर आलं, आणि पाणवठ्यावर पोपटांचा थवा उतरला. त्या कलकलाटात बोलणारे दोन होले उडून गेले आणि पुढचं वाक्य हवेतच राहिलं. शेजारच्या घरट्यात कोण शिंकलं हे कळल्याशिवाय साळुंकीला दाणा गोड लागत नसे. तिला अर्धी बातमी म्हणजे घशात अडकलेलं कुसळ.

त्या रानात धनेशांची एक रीत होती. मादीला अंडं घालायचं झालं, की ती बेहड्याच्या ढोलीत शिरायची आणि चिखलानं दार आतून लिंपून घ्यायची. उघडी राहायची ती फक्त एक उभी, बारीक फट. तिच्यातून नर तिला फळं भरवायचा. आत तिची पिसं गळून पडायची, त्यामुळे मनात आलं तरी उडता यायचं नाही. रानाला या रिवाजाचं फार अप्रूप होतं. त्या झाडाखालून जाताना भांडखोर पक्षीसुद्धा आवाज खाली आणत. आतली कशी जगते, हे कोणी विचारत नसे, कारण फळं वेळेवर येतात असंच सगळे धरून चालत.

या खेपेला मात्र धनेश डोंगरापलीकडच्या वडांवर गेला तो गेलाच. कोणी म्हणे ससाण्यानं उचलला. कोणी म्हणे तिकडे त्यानं दुसरी ढोली पाहिली. खरं काय ते डोंगरालाच ठाऊक.

साळुंकीनं ती अर्धी बातमी संध्याकाळच्या आत रानभर पोचवली. मनानं ती वाईट नव्हती. बातमी सगळ्यांना कळली की कोणीतरी काहीतरी करेल, अशी तिची आपली भाबडी समजूत. आणि केलंही. सभा भरवली.

सभा भरली ती पानं झडलेल्या सावरीवर. पूर्वेच्या फांदीवर भारद्वाजआजोबा आणि त्यांच्या मताचे बसले, पश्चिमेच्या फांदीवर दुभंग्या शेपटीची कोतवालीण आणि तिच्या मताच्या. आजोबांच्या घरट्यातली सगळी अंडी एका पावसाळ्यात सापानं गिळली होती. तेव्हापासून कुठलंच अंडं त्यांना परकं वाटत नसे. कोतवालिणीची एक जिवाभावाची मैत्रीण, तीही धनेशीणच, अशाच बंद ढोलीत वाळून गेली होती. भिंत शेवटपर्यंत शाबूत राहिली, आणि रानानं तेव्हा भिंतीचंच कौतुक केलं होतं. दोघंही खोटं बोलत नव्हते. त्यामुळेच सभा लांबत गेली.

“भिंत एकदा लिंपली की ती तिच्या एकटीची राहत नाही,” आजोबा म्हणाले. “आत एक जीव आहे.”

“आत दोन आहेत,” कोतवालीण म्हणाली. “एकीचं तुम्ही नावसुद्धा घेत नाही.”

“नाव घ्यायला मी कुठं नाही म्हणतोय, पोरी? पण भिंत पुन्हा लिंपता येते. अंडं एकदा थंड पडलं की पडलं.”

“चिखल तिनं कालवला, चोच तिची झिजली. ठेवायची की फोडायची ते ती बघेल. तुम्ही कोण?”

सुतारपक्ष्याला दोन्ही बाजूंनी बोलावून आणलं होतं. भिंत फोडायची झालीच तर चोच त्याचीच लागणार. तो मधल्या खोडाला चिकटून वैतागला होता. “हे म्हणतात चोच बांधून ठेव, त्या म्हणतात पाजळून ठेव. सकाळपासून इथं टांगून ठेवलंय. एखादा किडा तरी विचारलात का मला? पोटात आग पडलीय.”

सगळे हसले. साळुंकीही हसली, आणि हसता हसता थांबली. धनेश गेल्यापासून त्या फटीशी फळ घेऊन कोण गेलं, हे ती आठवू लागली. रानातल्या साऱ्या खबरी तिच्याजवळ होत्या, पण तिला एकही नाव आठवेना.

ती गुपचूप फांदीवरून उठली आणि वडाचं एक पिकलं फळ घेऊन बेहड्यावर गेली. ती भिंत तिनं इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. चिखलाच्या थरावर थर चढवलेला, दगडासारखा घट्ट, आणि प्रत्येक थरावर चोचीचा ठसा. आत एकटीनं बसून, एकेक घास चिखल लावत, हिनं स्वतःला मिटून घेतलं होतं. साळुंकीला उगाचच पंख अंगाशी ओढून घ्यावेसे वाटले. मग फटीत काहीतरी चमकलं. तो डोळा होता.

साळुंकीनं फळ पुढे केलं. भिंत जाड, फट अरुंद आणि साळुंकीची चोच आखूड. आतून धनेशिणीच्या चोचीचं टोक जवळ आलं, दोघींच्या मधे जराशी जागा उरली, आणि फळ निसटून खाली पडलं. दुसरंही पडलं. साळुंकी येत राहिली, फळं पडत राहिली.

बेहड्याखालचा तो लाल सडा सभेच्या नजरेत भरला. पूर्वेची फांदी म्हणाली, पाहा, दिलेलं अन्न टाकतेय, म्हणजे तिच्या मनात पाप आलंय. पश्चिमेची म्हणाली, पाहा, तिला असलं उपकाराचं नकोच आहे, तिला मोकळं व्हायचंय. दोन्ही फांद्यांना पुरावा मिळाला आणि सभेला नवा जोर चढला.

“अगं पोरी, घे की,” साळुंकी फटीशी काकुळतीला आली. “चांगली गोड आहेत. मी एकेक चाखून आणलीत.”

“घेते आहे हो मावशी. पोचतच नाही.” आतला आवाज वाळक्या पानासारखा होता. “ही फट त्यांच्या चोचीच्या मापानं ठेवलेली. दुसऱ्या कोणाची लागेल असं तेव्हा वाटलंच नव्हतं.”

“मग जरा मोठी कर.”

“भिंतीला हात लावला तर ते सगळे येतील. कोणी शाबासकी द्यायला, कोणी टोचायला.”

“येऊ देत. मी बसते दारात. माझ्याशी तोंड वाजवून आजवर कोणी जिंकलंय का?”

आतून हसल्यासारखं काहीतरी आलं.

“बाहेर यायचंय का तुला? की आतच राहायचंय?” साळुंकीनं विचारलंच. स्वभाव कुठं जातो?

“आत्ता भूक लागलीय, मावशी,” धनेशीण म्हणाली. “भुकेल्या पोटी मी काय ठरवणार?”

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रानात ठकठक सुरू झाली. सगळ्यांनी सुतारपक्ष्याकडे पाहिलं. “हा आवाज माझा नव्हे,” तो म्हणाला. मग सावर रिकामी झाली आणि बेहड्याभोवतीच्या फांद्या भरल्या.

आतून बसणाऱ्या प्रत्येक घावासरशी भिंतीचा एक पापुद्रा सुटत होता आणि उन्हात धूळ होऊन खाली जात होता. इतक्या कमजोर देहातून एवढा आवाज कसा निघतो, हे त्या जमावाला कळत नव्हतं. बोलघेवडे पोपटसुद्धा मान वाकडी करून गप्प होते. दारात साळुंकी पिसं फुलवून बसली होती. मुळातली तेवढीशी ती, पण त्या दिवशी घारीएवढी दिसत होती.

मग आवाज थांबला.

भिंत फुटली होती, हे खरं. पण भोक पडलं होतं ते साळुंकीचं डोकं आत जाईल एवढंच. त्यातून बाहेर कोणी आलं नाही. होल्यांच्या त्या बातमीत “आणि मग” च्या पुढे काय होतं, ते होल्यांनाही माहीत नव्हतं.

साळुंकी फळ घेऊन आत वाकली. आत गळलेल्या पिसांचा वास होता, ऊब होती, आणि उघड्या अंगाचा चालता श्वास होता. फळ घेण्यासाठी धनेशीण किंचित सरकली, तेव्हा तिच्या पोटाखाली काय आहे आणि काय नाही, ते साळुंकीला स्वच्छ दिसलं. रानात ते पाहिलेली ती एकटीच.

तिनं डोकं बाहेर काढलं, तशा दोन्हीकडच्या फांद्या पुढे झुकल्या.

“अंडं आहे ना गं?” आजोबा म्हणाले.

“ती बाहेर येणार आहे ना, मावशी?” कोतवालिणीनं विचारलं.

साळुंकीनं दोघांकडे पाहिलं. मग ती खाली उतरली, सड्यातलं एक फळ निवडून चोचीत धरलं, आणि पुन्हा वर येऊन भोकातून आत वाकली.

बरेच जण उत्तराची वाट पाहत बसून राहिले. काही वेळानं भारद्वाजआजोबा खोडावरून पायापायानं खाली उतरले. दुसऱ्या बाजूनं कोतवालीण उतरली. मग वर येऊन साळुंकीच्या मागे दोघं एकाच फांदीवर एकमेकांना चिकटून आपली पाळी यायची वाट पाहत उभे राहिले. दोघांच्याही चोचीत एकेक फळ होतं, त्यामुळे दोघांनाही बोलता येत नव्हतं.