ठकाक्काचे बोल

आंबेसरच्या तळ्याला बांध घालून दोनच पिढ्या झाल्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. गावात ठकाक्का नावाची एक विधवा कुंभारीण राहायची. आणि बाप अचानक वारल्यानं रायाजी नावाचा कोवळा पोरगा पाटीलकीवर नुकताच बसला होता.

एकदा एका बैलावर दोघांनी हक्क सांगितला. रायाजीला काही सुचेना. बापाच्या तेराव्याची मडकी सांगायला तो ठकाक्काच्या अंगणात आला आणि तिथंच डोकं धरून बसला.

ठकाक्का मडकं थापता थापता म्हणाली, "बैल कुठल्या कुशीवर बसतो, ते दोघांना वेगवेगळं विचारा. ज्यानं पाळलाय त्याला ठाऊक असतं."

निवाडा अचूक झाला. गाव थक्क झालं.

"तुमचं नाव सांगू का, ठकाक्का?" रायाजीनं विचारलं.

"नको. कुंभारणीचं कोण ऐकणार? तुमच्या तोंडून आलं, तर पंच मान डोलावतील."

पुढं तीस वर्षं हेच चाललं. पाटील मडकं घ्यायच्या निमित्तानं यायचा आणि निवाडा घेऊन जायचा. त्याच्या घरात मडकी ठेवायला जागा उरली नव्हती, असं म्हणतात. पंचायतीच्या दिवशी ठकाक्का बायकांच्या मागं बसायची. पाटील बोलायला लागला की तिचे ओठ आपोआप हलायचे. तिला ते आवडायचं. रायाजीच्या जिभेवर देव बसतो, असं दहा गावं बोलायची, तेव्हा ती पदराआड हसायची.

मग सलग दोन वर्षं पाऊस रुसला. तळ्यात कमरेएवढं पाणी उरलं. तळ्याखालच्या वाडीतल्या विहिरी आटल्या. ठकाक्काची लेक सगुणा त्याच वाडीत दिलेली होती. बांधाची मोरी उघडून पाणी सोडा, असं म्हणत वाडीचे लोक पाटलाकडं आले, आणि पाटील ठकाक्काकडं आला.

"सोडा पाणी," ती म्हणाली. "आधी माणसं आणि गुरं."

"आणि या तळ्यावरचा माझा ऊस?" पाटील म्हणाला. "तीस वर्षं तुमचं ऐकलं. या खेपेला माझं मी बोलतो."

मोरी बंदच राहील, असा निवाडा त्यानं दिला. आता वाडी पेटून उठेल, असं ठकाक्काला वाटलं. पण वाडीच्या लोकांनी हात जोडले आणि ते मुकाट्यानं परत फिरले. सगुणा पोटाशी तान्हं धरून म्हणाली, "आई, पाटील कधी चुकलेत का? आमचंच काहीतरी पाप असेल."

ठकाक्काच्या पायाखालची जमीन सरकली. हा विश्वास तिनंच तीस वर्षं थापून पक्का केला होता.

पंधरा दिवसांत वाडीतली निम्मी गुरं मेली. मग सगुणाचं तान्हं गेलं. तेव्हा ठकाक्का भर पंचायतीत उभी राहिली. "तीस वर्षांचे निवाडे माझे होते," ती ओरडली. "हा एकच यांचा आहे!"

लोक हसले. पाटील खाली बघत म्हणाला, "नातवाच्या दुःखानं या बाईला भ्रम झालाय. मी हिच्याकडनं फक्त मडकी घेतली."

ती तशीच भर उन्हात तळ्यावर गेली. मोरीची शिळा सात गड्यांनाही हलत नसे. तिनं ती एकटीनं उपटली, असं म्हणतात. पाणी गर्जत सुटलं आणि ठकाक्का त्यातच गेली. वाडीचा ओढा दोन्ही काठ भरून वाहिला, विहिरींना पाणी आलं. पाटलाचा ऊस उभ्या उभ्या वाळला.

रायाजी पुन्हा निवाड्याला बसला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. मरेपर्यंत फुटला नाही, असं म्हणतात. लोक म्हणाले, पाटलांनी मौन धरलंय. आणि ते त्याच्या पाया पडू लागले.

आंबेसरला आज रायाजीची समाधी आहे. भांडण लागलं की लोक तिथं नारळ फोडून न्याय मागतात. ठकाक्काच्या नावाचा साधा दगडही नाही. फक्त खालच्या वाडीत पंच निवाडा सांगायला उठला, की एखादी म्हातारी विचारते, "हे बोल कुणाचे?" त्याचं उत्तर दिल्याशिवाय त्याला पुढं बोलता येत नाही.

पंच दर खेपेला सांगतो, "माझेच." आणि मागं बसलेल्या बायका एकमेकींकडं बघतात.