पंतोजी नसलेली शाळा

विसोबा पंतोजींच्या शाळेत कुणी झाडाखाली धूळपाटीवर बेरजा करी, कुणी ओट्यावर खड्या आवाजात पाढे म्हणे. संस्थानचे कारभारी त्र्यंबकराव ते पाहून कडाडले, "ही शाळा की आठवड्याचा बाजार? उद्यापासून बंद! शिस्त बघायची तर पलीकडच्या आळीत माझ्या शाळेत चला."

तिथं रांगेतली पोरं खरोखर चिडीचूप होती. विसोबांनी प्यायला पाणी मागितलं. छडीवाले मास्तर ते आणायला उंबऱ्याबाहेर पडले मात्र, आत टोप्या उडू लागल्या, मारामारी जुंपली! त्र्यंबकराव गरजले, तेव्हा कुठे सगळं गप्प झालं.

त्या शांततेत पलीकडून पाढे ऐकू आले.

विसोबा हात जोडून म्हणाले, "सरकार, तिथले पंतोजी तर मघापासून इथंच उभे आहेत."