खुर्चीवरचा रुमाल

हॉटेलांत सवलतीत टेबल राखून देणाऱ्या ॲपचे मालक रणदिवे म्हणजे बडं प्रस्थ. उर्मिलेने काढलेल्या दोन बोधचिन्हांना त्यांनी केराची टोपली दाखवली होती. आज तिसरंही नापसंत झालं, तर काम हातचं जाणार होतं.

बैठकीला हॉटेलवाल्यांची इतकी गर्दी, की निम्मे उभेच. तेवढ्यात फोन आला म्हणून रणदिवे बाहेर गेले.

उर्मिलेने पडद्यावर चित्र लावलं. खुर्चीवर टाकलेला रुमाल, कोपऱ्याला गाठ. लहानपणी कोल्हापुरातल्या खानावळीत बाबा असाच रुमाल टाकून जागा धरायचे. जेवून निघताना उरलेली चिल्लर त्याच्याच गाठीत बांधून तिच्या हाती द्यायचे. घरी पोचेपर्यंत तिच्या मुठीला रश्श्याचा वास यायचा.

रणदिवे परतले आणि चित्र बघून खो-खो हसले. "अहो बाई, आजच्या जमान्यात रुमालाला कोण विचारतं?"

"साहेब," उर्मिला म्हणाली, "मघाशी बाहेर जाताना जागा जाऊ नये म्हणून तुम्ही खुर्चीवर काय ठेवून गेलात?"

रणदिव्यांनी खुर्चीकडे पाहिलं. एवढ्या गर्दीत ती रिकामीच होती. हॉटेलवाल्यांत हशा पिकला.

खुर्चीवरचा रुमाल उचलून त्यांनी कपाळ पुसलं. "बरं, बरं. ती गाठ तेवढी मोठी काढा."