कुसूच्या झऱ्याचं सरबत

नकाशावर दिवसभर बोट फिरवलंत तरी सापडायची नाही, इतकी इवलीशी एक वाडी होती. तिथं कुसू आणि तिची आई राहायच्या. त्यांच्याकडे होतं तरी काय? एक झोपडी, जमिनीचा एक दगडाळ तुकडा आणि त्याच्या कोपऱ्यात, उंबराखाली, निळानिळा गार झरा. दगड काही खाता येत नाहीत. म्हणून आईनं शहरात घरकामाला जायचं ठरवलं. तिथल्या मालकीणबाईंनी कळवलं होतं, "मुलीला आणू नका." पौर्णिमेला आई जाणार आणि कुसू मामाकडे राहणार.

कुसू झऱ्याकाठी बसून मुळूमुळू रडली. तेवढ्यात तिला दिसलं, एक चिमुकला चतुर पाण्यात पडून तडफडतोय. रडणं तसंच टाकून तिनं त्याला उंबराच्या पानावर अलगद उचललं आणि फुंकर घालून त्याचे पंख वाळवले. तर काय! पंख मोरपिशी झाले, चमचम चमकू लागले आणि पानावर उभी राहिली हळदी रंगाचा परकर नेसलेली बोटभर परी.

"बाळे, काय हवं तुला?" परीनं विचारलं.

"आई हवी. इथंच."

"मग या झऱ्यावर तुमचं घर चालेल. पण एक नियम आहे हं. तहानलेल्याकडून नुसत्या पाण्याचे पैसे घ्यायचे नाहीत. घेतलेस तर झरा आटेल."

"मग घर कसं चालेल गं?"

"बघ तर खरी," म्हणत परी पाण्यात मिसळून गेली.

आई ऐकून हसली. "फुकट पाणी वाटून कुणाचं पोट भरलंय, कुसे?"

पण चैत्राचं ऊन रणरणत होतं आणि घाट चढून माणसं बाजाराला निघाली होती. कुसूनं घरातला होता नव्हता तेवढा गूळ घेतला आणि येईल त्याला गुळाचा खडा आणि गार पाणी दिलं. शेजारच्या धोंडाकाकू म्हणाल्या, "सुनेला ताप आलाय गं. घरी न्यायला कळशीभर देशील?" कुसूनं घरची कळशीच दिली. मग कुणी तांब्या नेला, कुणी तपेलं, कुणी पातेलं. संध्याकाळी चुलीवर ठेवायला भांडंच उरलं नाही!

"आता भात कशात शिजवू, तुझ्या डोक्यावर?" आई कडाडली. त्या रात्री दोघी शेंगदाणे खाऊन झोपल्या.

सकाळी एकेक भांडं परत आलं. त्या वाडीत दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नसत. कळशीत धोंडाकाकूंच्या झाडाची पिवळीधमक लिंबं होती. तपेल्यात काळीभोर आमसुलं, पातेल्यात गुळाची ढेप, तांब्यात वाळ्याच्या सुवासिक मुळ्या. आई बघतच राहिली. मग तिनं पदर खोचला.

दुपारी उंबराखाली सरबताचं दुकान लागलं! लिंबाचं सोनेरी, आमसुलाचं लालचुटूक, दोन्हींना वाळ्याचा गारेगार वास. फळ्यावर कुसूनं खडूनं लिहिलं: पाणी फुकट, सरबत विकत. पाणी प्यायला थांबलेली माणसं सरबत पिऊन जायची आणि बाजारात सांगत सुटायची. लिंबं आता धोंडाकाकूंकडून विकत येऊ लागली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आईनं शहरात निरोप धाडला, "मी येत नाही."

पौर्णिमेच्या सकाळी परी पुन्हा आली. कुसूनं हात जोडले. "परीताई, तुझे उपकार कसे फेडू? आज तू माग."

परी गोंधळली. तिला आजवर कुणी असं विचारलंच नव्हतं. मग ती लाजत म्हणाली, "तुझी आई मला जरा मांडीवर घेईल?"

आईनं तिला अलगद मांडीवर घेतलं आणि बोटाच्या टोकानं थोपटलं. "गुणाची माझी पोर! तुझ्यामुळे माझी लेक माझ्याजवळ राहिली." परीचे डोळे मिटले, ओठांवर हसू आलं आणि हळूहळू तिचा सोनेरी उजेड झाला. उजेड उंबरभर पसरला, पाण्यावर नाचला आणि दिसेनासा झाला.

मांडी रिकामी झाली तशी कुसूनं तिथं डोकं टेकवलं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली.