झुपकीनं पुरलेल्या शेंगा

एक होती खार. तिचं नाव झुपकी. एवढीशी खार, पण शेपटी बघा केवढी!

गोजाआत्याच्या अंगणात सुपात शेंगा वाळत होत्या. खायच्या नाहीत हं, पेरायच्या. पेरायच्या शेंगांना कुणी तोंड लावत नाही. आत्यासुद्धा नाही.

पण झुपकीनं काय केलं? तीन शेंगा पळवल्या. खुडुक खुडुक खड्डे केले. एक पेरूखाली पुरली, एक तुळशीपाशी, एक न्हाणीमागं.

शेंगांचा वास घुशीला लागला. जाडजूड घूस आली. तिनं भसाभस अंगण उकरलं. पेरूखालची शेंग खाल्ली, मटामट. आता बाकीच्याही खाणार!

झुपकी पळाली सुर्रर्र, भुरी मांजरीकडं.

"भुरीताई, भुरीताई, घूस हाकल. माझी शेंग खाल्ली."

"तुझी शेंग? कुठून आणलीस?"

"माझीच की," झुपकी म्हणाली. पण तिचे कान गरम झाले.

भुरी म्हणाली, "आधी मला दूध हवं. तांबू गाईकडं जा."

झुपकी पळाली सुर्रर्र, गाईकडं.

"तांबूमावशी, तांबूमावशी, दूध दे.
भुरी घूस हाकलेना,
झुपकीला चैन पडेना."

"घूस कशाला हाकलायची गं?"

"माझी शेंग खाल्ली," झुपकी हळूच म्हणाली. तिनं शेपटी तोंडावर ओढली.

गाय म्हणाली, "आधी मला गवत हवं. विळ्याकडं जा."

झुपकी पळाली सुर्रर्र, विळ्याकडं.

"विळेदादा, विळेदादा, गवत काप.
तांबू दूध देईना,
भुरी घूस हाकलेना,
झुपकीला चैन पडेना."

"घूस कुणाचं काय खाते गं?"

झुपकीनं शेपटी आणखी वर ओढली. शेपटीआडून नुसते डोळे दिसत होते.

विळा म्हणाला, "मी बोथट झालोय. आधी मला धार हवी. गोजाआत्याकडं जा."

आता मात्र झुपकीचे पाय जड झाले. सुर्रर्र नाही, काही नाही. एक पाऊल, मग थांब. एक पाऊल, मग थांब.

"गोजाआत्या, गोजाआत्या, धार लाव.
विळा गवत कापेना,
तांबू दूध देईना,
भुरी घूस हाकलेना,
झुपकीला चैन पडेना."

आत्या वाकून वाकून शोधत होती. सुपाखाली बघितलं, चुलीमागं बघितलं.

"थांब गं बाई," आत्या म्हणाली. "माझ्या पेरायच्या तीन शेंगा हरवल्यात. मीच वेंधळी. मीच कुठंतरी सांडल्या असतील."

झुपकीला फार लाज वाटली. डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं तोंडावरची शेपटी बाजूला केली.

"आत्या, तू नाही सांडल्यास. मी नेल्या."

आत्या रागावली नाही. नुसती बघत राहिली. झुपकीला वाटलं, त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

झुपकीनं तुळशीपाशी उकरलं, खुडुक खुडुक. न्हाणीमागं उकरलं, खुडुक खुडुक. दोन शेंगा सुपात ठेवल्या.

"आणि तिसरी?"

"घुशीनं खाल्ली," झुपकी खाली मान घालून म्हणाली.

मग आत्यानं विळ्याला धार लावली, घस्स घस्स.
विळ्यानं गवत कापलं, सपासप.
तांबूनं गवत खाल्लं, दूध दिलं, चुळुक चुळुक.
भुरी दूध प्याली, लपलप, आणि फिस्स करून धावली.
आणि घूस? अंगणात पुरलेली एकही शेंग उरली नव्हती. घूस कुंपणापार, धूम!

आत्यानं घरातून एक खायची शेंग आणली. झुपकीच्या हातावर ठेवली.

"ही घे. पण पुढच्या वेळी मागून घे हं."

झुपकीनं शेंग फोडली, टच. आत दोन दाणे. एक तिनं खाल्ला. दुसरा हातात धरून ती बराच वेळ बसली. मग हळूच सुपापाशी गेली आणि तो दाणा पेरायच्या शेंगांत टाकला.

दाणा पडला टुप,
गोष्ट झाली चूप.