कुशाबा भोयाचा भोपळा

फार फार वर्षांपूर्वी, घाटाला सडक नव्हती आणि माणसं माणसांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडत होती, तेव्हाची ही गोष्ट. घाटाच्या पायथ्याला आंबेधोंड नावाचं गाव होतं. त्या गावात कुणालाही विचारा, कुशाबा भोई कोण म्हणून. हातातलं काम टाकून तो सांगायला बसेल. प्रत्येकाचं सांगणं थोडं थोडं वेगळं निघतं, पण भोपळ्यापाशी सगळे एकत्र येतात.

कुशाबा डोली वाहायचा. नव्या नवऱ्या, आजारी माणसं, देवाला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांना तो आणि त्याचे सोबती घाट चढवून नेत. कुशाबाची डोली हलत नसे, असं म्हणतात. एकदा एक सावकारीण काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बसली आणि घाटमाथ्यावर उतरली तेव्हा तिचं लुगडं कोरडं होतं, असंही म्हणतात. तांब्याच्या जागी कुणी घागर सांगतं. घागर मांडीवर घेऊन डोलीत कोण बसेल, एवढा विचार मात्र कुणी करत नाही.

मग एके वर्षी कुशाबाने डोली सोडली. दांडे गोठ्यात टाकले आणि वय झालं म्हणाला. वय काही झालेलं नव्हतं, पण त्याला विचारणार कोण?

त्याला एकच लेक, चिमा. सासरहून अखेतीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला ती माहेरी आली होती. त्या दिवशी वेलाच्या बिया लावायची रीत, म्हणून तिने परसात भोपळ्याच्या चार बिया टोचल्या आणि जाताना म्हणाली, "आबा, ह्यास्नी पानी घालशीला न्हवं?" लेक गेली आणि घर खायला उठलं. ज्याने जन्मात कधी रोपाला पाणी घातलं नव्हतं तो कुशाबा आता दोन्ही वेळा वेलापाशी जाऊन बसू लागला. तीन बिया कुजल्या, एक रुजली. वेल कुडावरून छपरावर चढला आणि छपराच्या मागच्या उतारावर, नेमका आतल्या खोलीच्या डोक्यावर, त्याला एक भोपळा धरला.

तो भोपळा श्रावणात घागरीएवढा झाला, भादव्यात रांजणाएवढा. पुढे तर दोन माणसांच्या कवेत मावेना, असं म्हणतात. आसपासच्या वाड्यांतून माणसं बघायला येऊ लागली. कुशाबाची बायको राही दारात उभी राहून सगळ्यांना दटावायची, "बोट दावू नगा, कुजंल त्यो!" मग माणसं कोपराने दाखवायची, हनुवटीने दाखवायची, एक म्हातारा तर पाठ फिरवून डोक्याने खुणावायचा.

पण घर गवताचं. छपराचे वासे बांबूचे. भोपळा जसा वाढला तसे वासेही खाली खाली वाकत गेले.

"अवं, उतरवा त्यो," राही म्हणायची. "आढं वाकलंय."

"दसऱ्याला उतरवू. अजून वाढतुय."

पहिल्या बाळंतपणाला चिमा माहेरी आली. भोपळा पाहून पोटाला हात लावून हसली. आतल्या खोलीत बाजेवर पडल्या पडल्या वर बघून ती म्हणाली, "आबा, आपल्या घराला बी दिवस गेल्याती." कुशाबा हसला, पण भोपळा त्याने तसाच ठेवला. लेकीने लावलेल्या वेलाचं फळ होतं ते, आणि सगळी वाडी त्याचं नाव काढत होती. खरं सांगायचं तर त्याला मोह पडला होता.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. भर दुपारी चिमाच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. गावची सुईण बजाबाई आली. तिने पोट चाचपून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मूल पायाळू होतं.

तेवढ्यात डोक्यावर कट्ट असा आवाज झाला. आढ्याला चीर गेली आणि बाजेवर गवताचा भुगा पडला.

कुशाबा धावत आत आला. "उचला तिला! बाहीर घ्या!"

"हात लावशील तर बघ," बजाबाई म्हणाली. "मूल वाटंत अडकलंय. आता हिला हलवलं तर दोनी जीव जातील. हलवायचं असंल तर त्यो वरचा हलीव."

कुशाबा बाहेर आला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या लेकी सुखरूप घाटापार नेल्या होत्या आणि स्वतःच्या लेकीच्या उरावर स्वतःच्या हाताने पाणी घालून मरण वाढवलं होतं. हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बातमी लागताच गाव जमलं. सगळ्यांत पुढे दौलती पैलवान. त्याच्या मांड्या खांबासारख्या आणि आवाज त्याहून जाड. "एवढंच ना? देठ छाटा, चौघं चढतो, आन एका हिसक्यात देतो फेकून."

"न्हाई," कुशाबा म्हणाला. "चौघं चढला तर छप्पर तुमच्यासकट खाली. आन दोन म्हैनं वाकलेला बांबू हाय त्यो. वजन एकदम काढलं तर उसळंल, चिरलेलं आढं मोडंल, समदं तिच्या अंगावर. जसं हळूहळू वाकलंय तसंच हळूहळू वर आलं पायजे."

मग तो गोठ्यात गेला आणि त्याने डोलीचे ते दोन लांब दांडे बाहेर काढले.

कुशाबाचं घर वाऱ्याच्या भीतीने दोन उंच बांधांच्या मधल्या खोलगट जागेत बांधलेलं होतं. दोन्ही बांध घराच्या अंगालगत मागच्या शेतापर्यंत गेले होते. त्याने दांडे या बांधावरून त्या बांधापर्यंत, छपरावरून आडवे धरायला लावले. दांड्याच्या एकेका टोकाला दोन, असे आठ गडी. डोली थांबवताना दांड्याखाली लावायचे जुने टेकूही दिले. घरात राहीने आढ्याखाली मुसळ उभं केलं आणि ते दोन्ही हातांनी धरून ती लेकीच्या उशाशी उभी राहिली.

छपरावर कुशाबा एकटाच गेला. तो मुळात काटकुळा. पोटावर सरपटत जाऊन त्याने नवी घोंगडी भोपळ्याच्या बुडाखाली इंच इंच सरकवली आणि तिची चार टोकं दांड्यांना बांधून झोळी केली. देठाला त्याने हातही लावला नाही. आधी वजन झोळीत यायला हवं, मग वेल कापायचा.

"म्या हाक दिली की बोटभर उचलायचं. बोटभरच. मग टेकू लावायचा आन थांबायचं. ज्याला झेपंना त्यानं सांगायचं."

पहिल्या हाकेला दांडे बोटभर वर गेले. बांबू करकरले. आतून राही ओरडली, "आढं हाललं! वर आलं जरा!" टेकू लागले. सगळ्यांनी दम घेतला. दुसरी हाक. तिसरी. ऊन कलत चाललं होतं. आत चिमा विव्हळत होती आणि बजाबाई तिला दम धर, दम धर म्हणत होती.

अकराव्या हाकेला झोळी थरथरली. कुशाबाचा तळहात भोपळ्यावर होता, त्याला लगेच कळलं.

"टेकू! कुनाचा हात कापतुय?"

कुणी बोलेना. आठही जण खाली बघू लागले. एवढ्या गावासमोर, बायकापोरींसमोर, कोण कबूल करणार?

"सांगा रं! अजून दोन येळा उचलायचं हाय."

सगळ्यांच्या माना खालीच. तेव्हा छपरावर पालथा पडलेला कुशाबा बोलला, आणि असं म्हणतात की त्याचा आवाज तेव्हा रडवेला होता.

"मग माजं ऐका. म्या डोली का सोडली म्हाईत हाय? वय झालं म्हनून न्हाई. घाटात माजा खांदा कापत हुता. सांगायची लाज वाटली. कुशाबाची डोली हालत न्हाई म्हनत्यात ना समदी! डोली पडली. आतली म्हातारी जलमाची लंगडी झाली. आन दोष माझ्या सोबत्यावर गेला, म्या जाऊ दिला. त्यो गाव सोडून गेला. एवढी वरसं म्या ह्ये कुनाला बोललो न्हाई. आज माजी लेक खाली हाय. ज्याचा हात कापतुय त्याच्या म्या पाया पडतो, पर त्यानं सांगावं."

मग एक जाड आवाज आला, पण अगदी हळू.

"कुशाबा... माझा."

तो दौलती होता. एवढा मोठा पैलवान, घामाने निथळत होता. त्याला झटका माहीत होता, धरून ठेवणं माहीत नव्हतं. कुणीही हसलं नाही. शेजारी उभ्या असलेल्या कुंभाराने मुकाट्याने त्याच्या जागी हात घातला आणि दौलती दांड्याखालचा टेकू धरून बसला. त्यानंतर मात्र सगळ्यांना तोंड फुटलं. "कुशाबा, माझा बी." "कुशाबा, थांबा जरा." आणि प्रत्येक वेळी सगळे थांबले.

आणखी दोन हाका, आणि वासे सरळ झाले. आतून राहीने मुसळ सुटल्याचं सांगितलं. मग कुशाबाने वीतभर देठ ठेवून वेल कापला आणि तो घसरत खाली आला.

"आता चला. पावलं जुळवू नगा. जुळली की झोका बसतुय. ज्यानं त्यानं आपल्या पावलानं चला."

दोन्ही बांधांवरून आठ गडी निघाले आणि मधे भोपळा तरंगत गेला. कुणी सांगतं, त्याच्यावर एक पाखरू बसलं होतं ते शेवटपर्यंत उडालं नाही. शेतात पेंढ्याची गादी केली होती. भोपळा पेंढ्याला टेकला त्याच क्षणी घरातून ट्यांहा ऐकू आलं, असं म्हणतात. बजाबाई मरेपर्यंत सांगत राहिली की मूल त्यानंतर घटकाभराने झालं आणि तोवर सगळे बाप्ये भोपळ्याभोवती फुशारक्या मारत बसले होते. पण बजाबाईचं ऐकतो कोण?

मुलगी झाली. आई आणि लेक दोघी सुखरूप. बारशाला अख्ख्या गावाने त्या भोपळ्याचे घारगे खाल्ले. कुशाबाने मात्र घारगा तोंडात घातला नाही. तो त्याच आठवड्यात गाव सोडून गेलेल्या सोबत्याला शोधत निघाला. तीन गावं फिरला, त्याला हाताला धरून परत आणला आणि चावडीपुढे उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "डोली माझ्याच्यानं पडली हुती." त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला.

तो गेला तेव्हा त्याला नदीवर न्यायला दौलतीनेच पहिला खांदा दिला. दौलती आता म्हातारा झाला होता. तिरडी बांधावर आली आणि त्याचा हात कापू लागला. वजन तर काहीच नव्हतं, काटकुळा माणूस. दौलती एवढंच म्हणाला, "कुशाबा..."

आणि तिरडी थांबली. चौघांनी बरोबर आणलेले डोलीचे टेकू लावले. सगळे उभे राहिले, दौलती पोटभर रडून होईपर्यंत.

तेव्हापासून त्या गावात जड काही उचलताना, जातं असो, मांडवाची मेढ असो, आजाऱ्याची बाज असो, ज्याचा हात कापतो तो "कुशाबा" म्हणतो. एवढंच म्हणतो. हाक आली की सगळे जिथल्या तिथे थांबतात आणि दम घेतात. हाक कुणी दिली, हे आंबेधोंडात आजवर कुणी विचारलेलं नाही.